पौल हा वाल्या कोळी नव्हता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२५ जानेवारीला ख्रिस्ती पंचांगात संत पौलाच्या परिवर्तनाचा सण येतो. आरंभी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा हा माणूस पुढे त्यांचाच प्रेषित झाला. त्या निमित्ताने आपल्या पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख आस्थेने लिहिलेला होता आणि मराठी वाचकाला आरंभीच्या ख्रिस्ती समाजाची ओळख करून देण्याचा त्याचा हेतू स्तुत्य आहे. परंतु त्या लेखात पौलाला ख्रिस्ती परंपरेतला वाल्या कोळी म्हटले आहे. ही तुलना त्या लेखकाने नव्याने केलेली नाही. प्रवचनांतून आणि व्यासपीठांवरून ती वरचेवर कानी पडते, आणि ऐकणाऱ्याला ती पटकन पटतेही. माझे म्हणणे असे आहे की, या तुलनेमुळे पौलाच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट झाकली जाते, आणि ती झाकली गेल्यामुळे पुढच्या चारशे वर्षांत ख्रिस्ती समाजाचे काय झाले हेही आपल्याला समजत नाही.

वाल्या वाटसरूंना लुटत होता. नारदांच्या सांगण्यावरून त्याने विचारले तेव्हा घरच्या माणसांनी त्याच्या पापात वाटेकरी व्हायला नकार दिला आणि त्याचे डोळे उघडले. त्या कथेत वाटमारी हे पाप आहे याविषयी कोणाच्याच मनात शंका नाही. शौलाचे (पौलाचे हे यहुदी नाव) तसे नव्हते. नव्या करारातील, फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तो आपल्या पूर्वायुष्यातील भूषणे मोजतो. आठव्या दिवशी सुंता झालेला, इस्राएल कुळातला, बन्यामीन वंशातला, नियमशास्त्राच्या (मोशेच्या धर्मनियमांच्या) दृष्टीने परुशी (हे नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या पंथातला) असे सांगत सांगत तो धर्मावेशाकडे येतो आणि त्या सदरात लिहितो की, आपण मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती समाजाचा, छळ करणारे होतो. लगेच पुढे तो म्हणतो की, नियमशास्त्रातील नीतिमत्त्वाच्या बाबतीत आपण निर्दोष होतो. म्हणजे छळ हा त्याच्या लेखी त्या काळात कलंक नव्हता, ती त्याच्या धर्मनिष्ठेची पावती होती. चोराचा साधू होणे ही एक गोष्ट आणि अत्यंत प्रामाणिक, विद्वान, नेमधर्म पाळणाऱ्या माणसाला आपले सर्वांत मोठे पुण्यच पाप होते असे कळणे ही दुसरी गोष्ट. पहिल्या माणसाला सद्सद्विवेकबुद्धी जागी करावी लागते. दुसऱ्याची ती जागीच असते आणि तीच त्याला पुढे ढकलत असते. म्हणूनच दुसऱ्याचे परिवर्तन अधिक अवघड असते.

हा आवेश कोठून आला हे पाहिल्याशिवाय शौल समजणार नाही. इब्री शास्त्रात गणनेच्या पुस्तकात फिनहास नावाच्या याजकाची कथा आहे. परधर्मी स्त्रीला छावणीत घेऊन आलेल्या इस्राएली पुरुषाला आणि त्या स्त्रीला त्याने भाल्याने भोसकले, आणि देवाचा कोप शमला. एकशेसहाव्या स्तोत्रात त्याचे हे कृत्य नीतिमत्त्व असे गणण्यात आले, असे म्हटले आहे. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास ग्रीक राजाच्या हुकमाने मूर्तिपूजेचा यज्ञ करायला पुढे आलेल्या एका यहुदी माणसाला मत्ताथिया या वृद्ध याजकाने वेदीवरच ठार केले, तेव्हा मक्काबींच्या पहिल्या ग्रंथाने त्याची तुलना फिनहासशीच केली. शौल या परंपरेत वाढला होता. क्रुसावर टांगलेला माणूस शास्त्रवचनाप्रमाणे शापित, आणि अशा माणसाला मसीहा (देवाने पाठवलेला तारणारा) म्हणणारे लोक सभास्थानांत (यहुद्यांच्या प्रार्थनाघरांत) हिंडू लागले, तर समाजाच्या शुद्धतेसाठी कोणीतरी उभे राहिलेच पाहिजे, असे त्याला वाटले असल्यास नवल नाही. मात्र येथे एक खबरदारी घ्यायला हवी. हा दोष संपूर्ण यहुदी धर्माच्या माथी मारण्याची चूक ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके केली आणि तिचे परिणाम यहुद्यांनी भोगले. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथानुसार शौल ज्याच्या चरणांशी बसून शिकला तो गमलिएल हाही परुशीच होता, आणि येशूच्या शिष्यांना न्यायसभेपुढे आणले तेव्हा याच गमलिएलाने सभेला सांगितले की, या माणसांच्या वाटेस जाऊ नका. हे कार्य माणसांचे असेल तर आपोआप नष्ट होईल, देवाचे असेल तर तुम्हाला ते नष्ट करता येणार नाही आणि तुम्ही देवाशी लढणारे ठराल. संयमाची शिकवण आणि आवेशाची शिकवण एकाच घराण्यातली होती. शिष्याने गुरूची वाट धरली नाही, एवढेच.

आता त्याने नेमके काय केले? येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडमार झाला तेव्हा साक्षीदारांनी आपली वस्त्रे शौल नावाच्या तरुणाच्या पायांशी ठेवली, असे ‘कृत्ये’ सांगते. स्तेफनाच्या वधाला त्याची संमती होती. पुढे तो घरोघर शिरून स्त्री-पुरुषांना ओढून तुरुंगात घालू लागला आणि मग प्रमुख याजकाकडून पत्रे घेऊन, तेथील शिष्यांना बांधून आणायला, दिमिष्काकडे (दमास्कसकडे) निघाला. प्रमुख याजकाचा अधिकार दिमिष्कापर्यंत कायद्याने पोहोचत होता का, याबद्दल अभ्यासकांनी रास्त शंका घेतल्या आहेत, आणि ‘कृत्ये’ हा ग्रंथ घटनांनंतर काही दशकांनी लिहिला गेला हेही खरे. पण छळ झाला की नाही याबद्दल शंका घ्यायला जागा नाही, कारण तो स्वतः गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो की, आपण देवाच्या मंडळीचा पराकाष्ठेचा छळ करत होतो आणि तिचा नाश करू पाहत होतो. ज्या वाचकांना हे पत्र लिहिले, त्यांच्या कानांवर ही गोष्ट आधीच गेली होती, असेही तो तेथे नोंदवतो.

दिमिष्काच्या वाटेवर शौलाला येशूचे दर्शन होऊन तो आंधळा झाला, ती घटना इसवी सन ३३ ते ३६ च्या सुमाराची मानली जाते. ‘कृत्ये’ ग्रंथात ती तीन वेळा सांगितली आहे आणि तिन्ही वृत्तांत तंतोतंत जुळत नाहीत: एका ठिकाणी सोबत्यांनी वाणी ऐकली पण कोणी दिसले नाही, दुसऱ्या ठिकाणी त्यांनी प्रकाश पाहिला पण वाणी ऐकली नाही. घोडा मात्र कोठेच नाही. तो चित्रकारांनी आणला, आणि रोममधील कॅराव्हाज्जोच्या सुप्रसिद्ध चित्रानंतर तो लोकांच्या मनातून हटायला तयार नाही. आपल्या लेखातही शौल घोड्यावरून कोसळला असे लिहिले आहे. त्या क्षणी त्याचे नाव बदलून पौल झाले, हेही ग्रंथात नाही. ‘कृत्ये’च्या तेराव्या अध्यायात कुप्र (सायप्रस) बेटावर, प्रसंग सांगता सांगता, शौलाला पौलही म्हणत असत, एवढाच उल्लेख येतो. स्वतः पौल आपल्या पत्रांत या घटनेविषयी फारच कमी लिहितो. प्रकाश नाही, आंधळेपण नाही. देवाने आपल्या ठायी पुत्राला प्रकट केले, आणि अकाली जन्मलेल्या माझ्यासारख्यालाही तो सर्वांच्या शेवटी दिसला, एवढेच.

दर्शनाच्या क्षणावर इतके लिहिले जाते की त्यानंतर जे घडले ते बाजूला पडते. माझ्या मते खरा प्रसंग तेथेच आहे. आंधळा झालेला शौल दिमिष्कात ‘नीट’ नावाच्या रस्त्यावर यहुदा नावाच्या माणसाच्या घरी तीन दिवस अन्नपाण्यावाचून पडून आहे. त्याला भेटायला जाण्याची आज्ञा हनन्या नावाच्या शिष्याला होते, आणि हनन्या सरळ हरकत घेतो: या माणसाने यरुशलेमात तुझ्या लोकांचे किती वाईट केले हे मी पुष्कळांकडून ऐकले आहे, आणि येथेही त्याला अटक करण्याचा अधिकार मिळाला आहे. ही भीती साधार होती. ज्यांना पकडायला शौल निघाला होता, त्यांत हनन्याही होता. तरी तो गेला, त्याच्यावर हात ठेवले, आणि त्याने उच्चारलेले पहिले शब्द होते, ‘शौल भाऊ’. माफीनामा नाही, चौकशी नाही, आधी सिद्ध करून दाखव अशी अट नाही. पुढे पौलच एका भाषणात सांगतो की, हा हनन्या नियमशास्त्राप्रमाणे चालणारा भक्तिमान माणूस होता आणि तेथील सर्व यहुदी त्याच्याविषयी चांगले बोलत. यरुशलेमात आल्यावरही तेच झाले. शिष्य त्याला भिऊन जवळ येऊ देईनात, तेव्हा बर्णबा नावाच्या शिष्याने त्याला सोबत घेऊन प्रेषितांपुढे उभे केले.

कोणी म्हणेल की हनन्याचा उल्लेख पौलाच्या पत्रांत नाही. खरे आहे, गलतीकरांना तर तो निक्षून सांगतो की आपण लगेच कोणाही माणसाचा सल्ला घेतला नाही, अरबस्तानात गेलो आणि पुन्हा दिमिष्कास आलो. आपला संदेश माणसांकडून मिळालेला नाही हे त्याला तेथे सिद्ध करायचे होते. परंतु त्याच पत्रात पुढची ओळ अशी आहे की, तीन वर्षांनी केफाला भेटायला तो यरुशलेमास गेला आणि त्याच्याजवळ पंधरा दिवस राहिला. केफा म्हणजे पेत्र. ज्या मंडळीचा नाश करायला शौल निघाला होता तिच्या अग्रणीने त्याला पंधरा दिवस घरात ठेवून घेतले. त्या दिवसांत जेवताना काय बोलणे झाले असेल, स्तेफनाचे नाव निघाले असेल का, हे विचार मनात आल्यावाचून राहत नाहीत. पौलाचे परिवर्तन स्वर्गातील प्रकाशाने सुरू झाले असेल, पण ते तडीस गेले ते ज्यांना त्याने छळले त्या माणसांच्या घरांत आणि त्यांच्या पंक्तीत.

मग त्याच्यात बदलले काय? आवेश तर गेला नाही. दुसरी सुवार्ता सांगणारा देवदूत असला तरी शापित असो, असे तो गलतीकरांना लिहितो. अंत्युखियात केफाला तो सर्वांसमोर तोंडावर सुनावतो, आणि विरोधकांविषयी त्याने वापरलेले काही शब्द आजही उपासनेत मोठ्याने वाचताना वाचक अडखळतो. स्वभाव तोच आहे. बदलले ते साधन. करिंथच्या मंडळीतील गंभीर अनाचाराच्या प्रकरणात त्याने सांगितलेली कठोरात कठोर शिक्षा म्हणजे त्या माणसाला मंडळीबाहेर काढणे. कोणाला बांधून आणण्याची भाषा त्याच्या लेखणीतून पुन्हा उमटली नाही. त्याच करिंथकरांना तो सांगतो की, आम्ही तुमच्या विश्वासावर सत्ता गाजवत नाही, तुमच्या आनंदात सहकारी आहोत. आणि रोमकरांस पत्रात, खाण्यापिण्याच्या व दिवस पाळण्याच्या वादावर, प्रत्येकाने आपल्या मनाची पुरती खात्री करून घ्यावी असा निर्णय देऊन तो पुढे जातो. अब्राहामाचा विश्वास त्याच्याकडे नीतिमत्त्व असा गणण्यात आला, हे उत्पत्तीतील वचन पौल पुन्हा पुन्हा उद्धृत करतो. तेच शब्द ज्याच्या भाल्याविषयी वापरले गेले होते त्या फिनहासचे नाव मात्र त्याच्या पत्रांत कोठेही येत नाही. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही.

आपल्या लेखातील ‘यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती झाला’ हे विधानही याच कारणाने दुरुस्त करावे लागेल. यहुद्यांकडून एक कमी चाळीस फटके आपण पाच वेळा खाल्ले, असे पौल लिहितो. ही सभास्थानाची शिक्षा होती आणि ती सभास्थानाच्या माणसालाच होत असे. मी तुमच्यातला नाही असे म्हणून निघून जाण्याचा मार्ग त्याला प्रत्येक वेळी खुला होता. तो गेला नाही. शौलाने इतरांना कदाचित ज्या शिक्षेसाठी उभे केले असेल तीच शिक्षा पौलाने पाठीवर घेतली, आणि तरी रोमकरांना लिहिताना तो वर्तमानकाळात म्हणतो की, मीही इस्राएली आहे. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत असत. पूल ओलांडल्यावर तो पाडून टाकावा असे त्यांना वाटले नाही. त्यांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले.

शेवटच्या यरुशलेम भेटीचा प्रसंग मला या सर्व वृत्तांतात अत्यंत मोलाचा वाटतो. मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांकडून यरुशलेमातील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्षानुवर्षे जमवलेली वर्गणी घेऊन पौल तेथे आला होता. त्याने स्वतः याला कोठेही प्रायश्चित्त म्हटलेले नाही, पण जेथे आपण घरोघर शिरून माणसे ओढली असे सांगितले जाते त्याच नगराकडे तो मदत घेऊन परतत होता, हे विसरता येत नाही. मंदिरात दंगल उसळली, जमाव त्याला ठार मारू लागला आणि रोमी शिपायांनी त्याला उचलून गढीच्या पायऱ्यांपर्यंत नेले. तेथून तो जमावाशी बोलला. ‘कृत्ये’ ग्रंथातील त्या भाषणात तो त्यांना आंधळे किंवा दुष्ट म्हणत नाही. आज तुम्ही सर्व देवाविषयी जसे आवेशी आहात तसाच मीही होतो, असे म्हणतो. तिसऱ्या दिवशी चाळिसांहून अधिक माणसांनी पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही अशी शपथ वाहिली. ती माणसेही भाडोत्री मारेकरी नव्हती. ती उपास धरणारी, शपथ पाळणारी धर्मनिष्ठ माणसे होती, आणि पौलाने त्यांच्यात स्वतःलाच ओळखले असले पाहिजे.

लेखाच्या अखेरीस असे म्हटले आहे की, पौलाच्या परिवर्तनाने ख्रिस्ती धर्माला छळ करण्याची नव्हे तर छळ सोसण्याची दिशा कायमची मिळाली. यातील ‘कायमची’ हा शब्द इतिहासाला धरून नाही. पहिली अडीच-तीन शतके हे खरे होते. इसवी सन ६४ मधील आगीनंतर नीरोने रोममध्ये ख्रिस्ती लोकांना क्रूरपणे मारले; २५० मध्ये सम्राट देकिअसने सर्वांना देवांपुढे बली अर्पण करण्याची सक्ती केली; ३०३ पासून सम्राट दायोक्लेतिअनच्या काळात ख्रिस्ती उपासनामंदिरे पाडली गेली आणि शास्त्रग्रंथ जाळले गेले. या काळात ख्रिस्ती लेखक काय म्हणत होते? कार्थेजचा तेर्तुल्लियन २१२ च्या सुमारास आफ्रिकेचा राज्यपाल स्कापुला याला लिहितो की, धर्माची सक्ती करणे हे धर्माचे काम नव्हे. नंतर ३१३ मध्ये मोकळीक मिळाली, ३८० मध्ये सम्राट थिओदोसियसने निकियाचा विश्वास (निकियाच्या धर्मपरिषदेने ठरवलेला ख्रिस्ती मतसिद्धांत) हाच राज्याचा धर्म ठरवला, आणि अवघ्या पाच-सहा वर्षांत प्रिस्किल्लियन या ख्रिस्ती बिशपाला ख्रिस्ती सम्राटाच्या दरबाराने त्रिअर येथे देहदंड दिला. तूरच्या मार्टिनने त्याविरुद्ध आवाज उठवला, हे त्याच्या नावे नोंदवले पाहिजे.

पण पौलाच्या दृष्टीने सर्वांत क्लेशदायक पान उत्तर आफ्रिकेतले आहे. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन हा ३८६ मध्ये मिलानच्या बागेत रोमकरांस पत्र उघडून वाचताना पालटलेला माणूस, म्हणजे एका अर्थी पौलाचाच मानसपुत्र. दोनातपंथी (मुख्य मंडळीपासून फुटून निघालेल्या) ख्रिस्ती लोकांवर सक्ती करू नये असे त्याचे आरंभी मत होते. पुढे सम्राटाच्या कायद्यांच्या धाकाने गावेच्या गावे, त्याचे स्वतःचे जन्मगावसुद्धा, पंथ सोडून आल्याचे पाहून त्याने मत बदलले, आणि ४१७ च्या सुमारास बोनिफेस या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात सक्तीच्या समर्थनार्थ त्याने दाखला दिला तो पौलाचा: ख्रिस्ताने पौलाला आधी बळाने जमिनीवर पाडले, आंधळे केले, आणि मग शिकवले, तर मंडळीनेही हरवलेल्यांना बळाने का परत आणू नये? ऑगस्टिनवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो की, दोनातपंथातील टोळ्यांनी खरोखर मारहाण आणि खून केले होते, आणि तरी त्या खुन्यांनाही देहदंड देऊ नये अशी विनंती त्याने केली होती. तो निर्दय माणूस नव्हता. परंतु त्याने पौलाच्या कथेची पात्रे उलटी वाचली. दिमिष्काच्या वाटेवर शौलावर कोणा माणसाने बळ वापरले नव्हते, आणि त्या वाणीने त्याला हुकूमही केला नाही, प्रथम प्रश्न विचारला: माझा छळ का करतोस? सत्ताधाऱ्याकडून पत्रे घेऊन, चुकलेल्यांना बांधून आणायला निघालेला त्या वाटेवर एकच माणूस होता, आणि सम्राटाचा कायदा हाती घेतलेल्या बोनिफेसची जागा त्या कथेत त्याच माणसाची आहे.

हा युक्तिवाद आफ्रिकेत राहिला नाही. मध्ययुगीन धर्मन्यायालयांना (इन्क्विझिशनला) तो आयता मिळाला, आणि आपल्या दाराशी, गोव्यात, १५६० मध्ये स्थापन झालेले धर्मन्यायालय मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने जुने आचार घरात जपले तर त्याला पकडून आणणारे त्या न्यायालयाचे अधिकारी शौलाप्रमाणेच स्वतःला निर्दोष समजत होते. ख्रिस्ती मंडळीत वाढलेला वाचक म्हणून हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, दुःख मात्र वाटते, कारण ज्यांच्या उपासनेत पौलाची पत्रे दर रविवारी वाचली जात होती त्यांनीच हे केले.

लेखमालेचा पुढचा भाग ऑगस्टिनवर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्या भागात मिलानच्या बागेबरोबर बोनिफेसला लिहिलेले पत्र आणि तेर्तुल्लियनचे स्कापुलाला लिहिलेले पत्र या दोहोंतील उतारे मराठीत शेजारी शेजारी छापावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दोघेही त्याच उत्तर आफ्रिकेतले, दोघांच्या मध्ये जेमतेम दोनशे वर्षे. त्याचबरोबर घोडा, नामांतर आणि ‘यहुदी धर्म सोडला’ या तीन विधानांची दुरुस्ती पुढील अंकात देता आली तर आभारी होईन.

कळावे,
आपला एक वाचक, वसई